‘शक्ती’चे एकक कोणते? सीमाभागातील शाळांसाठी गणित-विज्ञान प्रश्नमंजुषेचा सराव

“शक्तीचे एकक कोणते?” हा प्रश्न मराठीत विचारला, तर “वॅट” हे उत्तर बरोबर आहे. तोच प्रश्न, ‘शक्ती’ हा शब्दही तसाच ठेवून, कन्नडमध्ये विचारला, तर बरोबर उत्तर “ज्यूल” होते. कारण मराठी परिभाषेत कार्य करण्याच्या दराला शक्ती म्हणतात, तर कन्नडमध्ये ऊर्जेलाच ‘शक्ती’ म्हणतात आणि आपल्या शक्तीला तेथे ‘सामर्थ्य’ असा शब्द आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळेचा विद्यार्थी तालुक्याच्या व्यासपीठावर बसतो, तेव्हा प्रश्न कोणत्या भाषेत वाचला जाईल याची खात्री त्याला नसते. बाजारात मिळणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत या अडचणीचा विचारच नसतो. म्हणून पुढील सराव आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून, साधारण सहा आठवडे रोज चाळीस मिनिटे मिळतील असे धरून मांडला आहे. गावाकडची बस लवकर सुटत असेल, तर मधल्या सुट्टीतील वीस मिनिटे आणि घरची वीस मिनिटे अशी विभागणी करूनही तो होतो.

पहिले काम : नियम लिहून घेणे

स्पर्धेचे पत्रक शाळेत आल्यावर संघात किती जण, प्रश्न कोणत्या भाषेत किंवा भाषांत वाचले जाणार, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, प्रश्न पुढच्या संघाकडे जातो का आणि कागद-पेन्सिल वापरता येते का, एवढ्या गोष्टी आयोजकांना विचारून लिहून घ्याव्यात. कन्नड परिपत्रकात प्रश्नमंजुषेला ‘रसप्रश्ने’ म्हटलेले असते. हा शब्द ओळखीचा नसल्यामुळे पत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहिल्याचे मी पाहिले आहे. संघ निवडताना वर्गातील पहिले तीन क्रमांक उचलू नयेत. तोंडी हिशेबात चपळ असणारा एक, विज्ञानात ‘असे का’ विचारणारा एक आणि कन्नड उत्तम समजणारा एक, असा संघ बहुधा अधिक टिकतो.

दुसरे काम : तीन रकान्यांची शब्दवही

दोनशे पानी वहीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन रकाने आखावेत. कन्नड शब्द कन्नड लिपीत लिहिता येत असेल तर उत्तमच, पण शेजारी देवनागरीतही लिहावा, कारण स्पर्धेत तो कानावर पडणार आहे, डोळ्यांसमोर येणार नाही. कर्नाटक राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर तिन्ही माध्यमांची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. एकच धडा तिन्ही पुस्तकांत उघडून आकृत्यांखालील नावे आणि ठळक छापलेले शब्द एका ओळीत मांडत गेले, की वही आपोआप भरते. मराठी रकान्यात आपल्या हातातल्या पुस्तकात जो शब्द आहे तोच लिहावा. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या नातेवाइकांकडून आलेल्या महाराष्ट्राच्या पुस्तकात वेगळा शब्द असेल, तर तो कंसात टाकावा.

या वहीत तीन प्रकारचे शब्द वेगवेगळ्या रंगांनी खुणावावेत. पहिला प्रकार दोन्ही भाषांत सारख्याच असणाऱ्या शब्दांचा : व्यास, अदिश (दिशा नसलेली राशी), सदिश (दिशा असलेली राशी). यांच्यावर वेळ घालवू नये. दुसरा प्रकार अगदी वेगळ्या शब्दांचा. मराठीतील दाब म्हणजे कन्नडमधील ‘ओत्तड’, घनता म्हणजे ‘सांद्रते’, वस्तुमान म्हणजे ‘द्रव्यराशी’, त्वरण म्हणजे ‘वेगोत्कर्ष’, त्रिकोण म्हणजे ‘त्रिभुज’, क्षेत्रफळ म्हणजे ‘विस्तीर्ण’ आणि मूळ संख्या म्हणजे ‘अविभाज्य संख्ये’. वायूंची कन्नड नावे एका कुटुंबातील असल्यासारखी लक्षात राहतात : ऑक्सिजन ‘आम्लजनक’, हायड्रोजन ‘जलजनक’, नायट्रोजन ‘सारजनक’, कार्बन मात्र ‘इंगाल’. हे शब्द पाठ करावे लागतात, पण ते फसवत नाहीत, कारण शब्द अनोळखी आहे हे कानाला लगेच कळते.

खरा धोका तिसऱ्या प्रकाराचा आहे. शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ निराळा असतो. ‘शक्ती’ हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरे उदाहरण ‘जव’. कन्नडमध्ये चाल, म्हणजे दिशेचा विचार न करता मोजलेली गती, हिला ‘जव’ म्हणतात आणि दिशेसह असलेल्या गतीला ‘वेग’. एकदा सरावात “जव अदिश की सदिश?” असे कन्नड वाक्य वाचले, तेव्हा आमच्या एका मुलाने अगदी गंभीरपणे “सर, ते धान्य आहे” असे उत्तर दिले. वर्ग हसला, पण त्याचे मराठी चुकले नव्हते. असे शब्द लाल शाईने लिहून पहिल्या आठवड्यातच संपवावेत आणि पुढे रोज त्यांतील पाच विचारावेत.

आकडे ऐकण्याचा सरावही याच टप्प्यात घ्यावा. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना एकक आधी येतो, कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ आणि इंग्रजीत ‘फिफ्टी-थ्री’ म्हणताना दशक आधी येतो. शिवाय आपले ‘एकोणऐंशी’ वजाबाकीने बनलेले आहे. पटापट ऐकताना ५३ चे ३५ होणे ही बुद्धीची चूक नव्हे, सवयीची आहे. शिक्षकांनी तीन भाषांची सरमिसळ करून वीस संख्या सांगाव्यात आणि मुलांनी फक्त अंकांत लिहाव्यात. पाच मिनिटांचा हा खेळ दोन आठवड्यांत फरक दाखवतो.

तिसरे काम : तोंडी गणित

कागदावर गणित सोडवणारी मुले व्यासपीठावर अडखळतात, कारण तेथे वीस-तीस सेकंद मिळतात. तोंडी गणितासाठी आपल्याकडे एक जुने साधन पडून आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घरातील आजोबा-आजींना अजूनही येत असतील, तर त्यांच्याकडून शिकून घ्यावेत. ६४ चे ७५ टक्के किती, या प्रश्नाला गुणाकार-भागाकार कशाला? ६४ ची पाऊणकी ४८. एखादी किंमत २५ टक्क्यांनी वाढून ४८ ची किती झाली, तर ४८ ची सवायकी ६०. साडेतीन रुपयांच्या १४ वस्तूंचे किती, तर १४ ची औटकी ४९. सगळे पाढे पाठ होणे या वयात अवघड आहे. पाऊणकी, सवायकी आणि दिडकी वीसपर्यंत आल्या तरी शेकडेवारीचे बहुतेक तोंडी प्रश्न सुटतात.

त्यानंतर चार युक्त्या, प्रत्येकी दोन दिवस. शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग : ६५ साठी ६ × ७ = ४२ आणि पुढे २५, म्हणजे ४२२५. मधल्या गोल संख्येपासून सारख्या अंतरावरील संख्यांचा गुणाकार : ४७ × ५३ म्हणजे ५० चा वर्ग वजा ३ चा वर्ग, २५०० – ९ = २४९१. मोठ्या घाताचा एककस्थानचा अंक : ७ च्या घातांत ७, ९, ३, १ हे चक्र फिरते आणि २०२५ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ७ च्या २०२५ व्या घाताचा एकक ७. चौथी युक्ती तपासणीची आहे. ३४७ × २८ = ९७१६ हे बरोबर आहे का? संख्येचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवत गेले, की तिचे अंकमूळ मिळते. ३४७ चे अंकमूळ ५, २८ चे १, गुणाकार ५. ९७१६ चे अंक मिळवले तर २३, म्हणजे पुन्हा ५. जुळले. मात्र कोणी ९७६१ लिहिले तरी हे जुळेल, कारण अंकांची अदलाबदल या तपासणीत सापडत नाही. युक्ती शिकवताना ती कोठे फसते हेही त्याच तासाला दाखवावे, नाहीतर मुले तिच्यावर भलताच भरवसा ठेवतात.

गणिताच्या प्रश्नांत फसवे प्रश्न फार आवडीने विचारले जातात. “बेळगावहून खानापूरला गाडी ताशी ६० किलोमीटर चालीने गेली आणि ताशी ४० ने परत आली, तर सरासरी चाल किती?” जवळजवळ प्रत्येक वर्गात पहिले उत्तर ५० येते. अंतर दिलेले नाही अशी तक्रारही येते. अशा वेळी ६० आणि ४० यांचा लसावि १२० घेऊन तेवढे अंतर मानावे : जाताना २ तास, येताना ३ तास, एकूण २४० किलोमीटरना ५ तास, म्हणजे ताशी ४८. खानापूर काही १२० किलोमीटरवर नाही, हे मुलांना ठाऊक असते आणि ती हसतात. पण अंतर कोणतेही घेतले तरी उत्तर ४८ च येते, हे त्यांच्याकडूनच ३० आणि ६० किलोमीटर घेऊन पडताळून घ्यावे. घड्याळाच्या काट्यांतील कोन, नळ आणि टाकी, शंभर दिवसांनंतरचा वार या प्रकारांनाही हीच रीत लावावी : आधी अंदाज, मग सोयीची संख्या मानून हिशेब, शेवटी दुसरी संख्या घेऊन पडताळा.

गणितज्ञांवरील प्रश्नांसाठी नुसती नावे आणि साले पाठ करण्यापेक्षा त्यांचे गणित हाताने करावे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या नावाचा स्थिरांक ६१७४ आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि तेच पुन्हा करत राहावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. ज्याने हे स्वतः पाच संख्यांवर केले, त्याला तो आकडा पाठ करावा लागत नाही.

चौथे काम : आपल्या परिसरातून विज्ञानाचे प्रश्न

विज्ञानाचा सराव प्रश्नसंचांवर सुरू केला, तर मुले उत्तरे पाठ करतात आणि प्रश्न थोडा फिरवला की गप्प बसतात. त्याऐवजी रोज एक गोष्ट घ्यावी आणि तिच्यावर पाच प्रश्न उभे करावेत. आपल्या जिल्ह्यात अशा गोष्टींची कमतरता नाही.

गुऱ्हाळ घ्या. निपाणी-चिकोडीकडील मुलांना ते तोंडपाठ असते. रसात चुना का टाकतात? उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ते आम्ल उदासीन करतो. मळी सुटी होऊन वर येण्यासही त्याची मदत होते. चुलवाणात काय जळते? चिपाडे, म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. आता अवघड प्रश्न : शुद्ध पाणी उकळू लागले की त्याचे तापमान स्थिर राहते, मग काहिलीतील रस उकळत असतानाच त्याचे तापमान १०० अंशांच्या वर का चढत जाते? पाणी उडून साखरेचे प्रमाण वाढते आणि विरघळलेल्या पदार्थामुळे उत्कलनांक वाढतो, म्हणून. येथे थांबू नये. बेळगावच्या फाउंड्रीत ओतले जाणारे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते, पण शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. हा फरक कशाने? बिडात मिसळलेल्या कार्बनने द्रवणांक खाली आणला. मिसळलेल्या पदार्थाने उत्कलनांक वर जातो आणि द्रवणांक खाली येतो, ही जोडी गुऱ्हाळ आणि फाउंड्री शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय मुलांच्या ध्यानात राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे पाणी किती अंशांना उकळते? उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो, म्हणून उत्तर सुमारे ९७.५ अंश. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला कारवारच्या किनाऱ्यापेक्षा येथे थोडा अधिक वेळ का लागावा, हे त्यातूनच निघते. कुकरमध्ये दाब वाढवून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापू दिले जाते, हे पुढचे उत्तर.

सूर्याचा प्रश्न तर शाळेच्या मैदानावरच सोडवता येतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते आणि बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर आहे. फरक ८ अंश, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे येथे सूर्य माथ्यावर येण्यास सरासरी ३२ मिनिटे उशीर होतो. मैदानात काठी उभी रोवून दर पाच मिनिटांनी सावली मोजावी. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या आगेमागे मिळते. वर्षभरात ही वेळ जवळपास पाव तास मागे-पुढे सरकते, म्हणून नेमके ३२ मिनिटे आले नाही तर मुलांनी आकडे ‘सुधारू’ नयेत. बेळगावचे अक्षांश साधारण १५.८५ उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. ढगांमुळे ऑगस्टचा दिवस बहुधा हुकतो.

गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे. गुरुत्व त्वरण १० धरून आणि हवेचा विरोध सोडून, पाणी खाली पोहोचण्यास १०.४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.२ सेकंद लागतात आणि तळाशी वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर, ताशी ११५ किलोमीटरच्या घरात असतो. यावर लगेच विचारावे : धबधबा दुप्पट उंच असता तर वेळ दुप्पट लागला असता का? नाही, फक्त सुमारे १.४१ पट.

खानापूरकडील पावसावरचा एक प्रश्न मला विशेष आवडतो. घराची लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर, छप्पर दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांचे. २५ मिलिमीटर पाऊस पडला तर पन्हाळीतून २०० लिटरची किती पिंपे भरतील? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हुशार मुले कौलांचे तिरके क्षेत्रफळ काढू पाहतात आणि तेथेच चुकतात, कारण सरळ पडणाऱ्या पावसासाठी छपराखाली झाकली गेलेली जमीनच मोजायची असते. ९६ × २५ = २४०० लिटर, म्हणजे १२ पिंपे.

चौथ्या आठवड्यापासून असे प्रश्न मुलांनीच रचून आणावेत, रोज प्रत्येकी दोन, उत्तरासह. प्रश्न रचणाऱ्याला एककाकडे, गृहीतकांकडे आणि संदिग्ध शब्दांकडे पाहावेच लागते. सुरुवातीचे प्रश्न वाईट येतील. ते फाडून न टाकता वर्गासमोर दुरुस्त करावेत.

पाचवे काम : बझर आणि गुणांचा हिशेब

बझर नसेल तर तीन वेगळ्या आवाजांची ताटे-वाट्या पुरतात. येथे शिकायची गोष्ट म्हणजे कधी दाबू नये. “१७२९ या संख्येला...” एवढे ऐकताच आमच्या मुलांनी बझर दाबून “रामानुजन” म्हटले होते, कारण ही संख्या गणितज्ञ रामानुजन यांच्या नावाने ओळखली जाते. पूर्ण प्रश्न होता, “१७२९ या संख्येला भागणारी सर्वांत लहान मूळ संख्या कोणती?” उत्तर ७, कारण १७२९ = ७ × १३ × १९. कन्नड वाक्यात तर, मराठीप्रमाणेच, ‘काय विचारले’ हे बहुधा शेवटच्या शब्दांत असते. सरावात वाचणाऱ्याने मुद्दाम मध्येच थांबावे आणि आतापर्यंतच्या शब्दांवरून किती वेगवेगळे प्रश्न होऊ शकतात हे विचारावे; एकच शक्य असेल तेव्हाच हात पुढे जावा.

गुण वजा होत असतील, तर जोखमीचा हिशेब आधीच करून ठेवावा. समजा बरोबर उत्तराला १० गुण आणि चुकीला ५ वजा, पर्याय चार. निव्वळ अंदाजाने उत्तर दिले, तर चार वेळांत सरासरी एकदा १० मिळतात आणि तीनदा १५ जातात, म्हणजे दर प्रश्नी सव्वा गुणाचा तोटा. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर नफा-तोटा शून्य. दोन खोडता आले, तर दर प्रश्नी अडीच गुणांचा फायदा. म्हणून संघाचा नियम सोपा होतो : दोन पर्याय खोडले तर बोला, एक खोडला असेल तर गुणफलक पाहून कर्णधाराने ठरवावे, एकही नाही तर गप्प राहा. वजा गुण १० असतील, तर हा नियम बदलतो. नवा हिशेब मुलांनाच करायला लावावा.

सहावे काम : चुकांची नोंद

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एकच अक्षर लिहावे : माहीत नव्हते तर ‘मा’, शब्द कळला नाही तर ‘श’, आकडेमोड चुकली तर ‘आ’, घाई झाली तर ‘घा’. आठवड्याच्या शेवटी अक्षरे मोजावीत. ‘मा’ जास्त असतील तर पाठ्यपुस्तकाकडे, ‘श’ असतील तर शब्दवहीकडे, ‘आ’ असतील तर पाढ्यांकडे जावे. ‘घा’ जास्त असतील तर अभ्यास वाढवून उपयोग नाही, बझरचा सराव वाढवावा. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि दहा दिवसांनी पुन्हा विचारावा, आणि प्रत्येक वेळी त्याची भाषा बदलावी.

शेवटच्या आठवड्यात नवे काही घेऊ नये. दोन पूर्ण रंगीत तालमी घ्याव्यात, त्यांतील एक पूर्णपणे कन्नडमध्ये. शेजारच्या कन्नड शाळेतील शिक्षक प्रश्न वाचायला आनंदाने येतात असा अनुभव आहे, आणि त्यांचा उच्चार व वेग ऐकणे हाच त्या तालमीचा अर्धा लाभ असतो. स्पर्धेच्या दिवशी प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा वाचण्याची विनंती करण्याचे एक कन्नड वाक्य तिघांनाही पाठ हवे : “दयविट्टु प्रश्नेयन्नु मत्तोम्मे ओदि.” परतीच्या बसमध्ये, निकाल काहीही लागलेला असो, आठवतील तेवढे प्रश्न शब्दवहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यावेत, पुढच्या वर्षीच्या संघाला पहिल्या दिवशी तीच पाने द्यायची आहेत.